गादीवर 'न्हाई' म्हणायचं न्हाई

आमच्या खानावळीला दोन दारं हायत. पुढच्या दारानं गिऱ्हाईक येतं आणि मागच्या दारानं मी पळते. लगीन होऊन या घरात आले तवापासून पळूनच राहिले. कामून पळते ते सांगते, पण मधी बोलू नका. मला राग आला की सांगायचं राहून जातं आणि नुसता रागच सांगून होतो.

पुढं गादीवर आमचे मालक बसतात, गुरुपादप्पा. कपाळाला विभूती, डोक्याला टोपी, पुढ्यात गल्ला, मागं बसवण्णांचा फोटो. आत चुलीपुढं मी, कमलम्मा. भाकरी माझी, ठेचा माझा, आमटी माझी, शेंगाचटणी माझी, आणि नाव ह्यांचं. गुरुपादप्पाची खानावळ म्हणून निलंग्याहून शिरूर अनंतपाळकडं जाणाऱ्या कुठल्याबी एसटीच्या डायवरला विचारा, तो आमच्या दारात आणून सोडंल.

सासऱ्यांनी गादी ह्यांच्या हवाली करताना एक वचन घेतलं होतं. गादीवर बसून 'न्हाई' म्हणायचं न्हाई. गिऱ्हाईक काय मागंल ते मागंल, आपण 'हाय की, बसा' म्हणायचं. न्हाई म्हणलं की दाराशी उभी असलेली लक्ष्मी ते ऐकते आणि शेजारच्या दुकानात जाऊन बसते. आता लक्ष्मीला कान हायत तर डोळे न्हाईत का, आतलं रिकामं मडकं तिला दिसत न्हाई का, हे मी सासऱ्यांना विचारणार होते. पण ते वचन घेऊन लगेच वारले.

वचन दिलं मालकांनी आणि पाळायचं माझ्या पायांनी. गिऱ्हाईक म्हणायचं, अप्पा, दही हाय का? "हाय की, बसा." मग गल्ल्यावर दोन बोटं वाजायची, टक टक. ती मला खूण. मी हातातलं पीठ झटकून मागच्या दारानं बाहेर, बोळ ओलांडून रहमतबीच्या घरी. रहमतबी म्हणजे सायकलवाल्या गुलाम रसूलची बायको. तिच्याकडं म्हैस हाय, आणि तिचं काळीज माझ्यापेक्षा मोठं हाय, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत न्हाई. ती वाटी भरून द्यायची आणि वर ऐकवायची, "कमलम्मा, तुमच्या मालकाची जबान आणि माझी म्हैस, दोन्ही तूच हाकून राहिलीस."

दह्यापुरतं असतं तर चाललं असतं. एकदा एका कंडक्टरनं चेष्टेत विचारलं, अप्पा, जेवण झालं, झोप येऊन राहिली, चादर हाय का? हाय की, बसा. टक टक. रहमतबीची वाळत घातलेली चादर मी दोरीवरून ओढून आणली, आणि तो भाड्या ती अंगावर घेऊन तसाच एसटीत चढला. दुसऱ्या खेपेला एक म्हातारा जेवता जेवता म्हणाला, लेकीसाठी स्थळ बघून राहिलो अप्पा, कुणी चांगला पोरगा हाय का? हाय की, बसा. टक टक. मी चुलीपुढं डोक्याला हात लावून बसले. पोरगा कुठून आणू? ठेच्यानं म्हाताऱ्याला ठसका लागला आणि तो जावयाचं विसरला, म्हणून मी वाचले.

हे असं चाललं होतं आणि लातूर जिल्हा झाला. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद. तिथला साहेब आमच्या गावात यायचा म्हणजे कुणाच्या तरी नशिबात असलं तर यायचा. त्यामुळं मालक काय बोलतात त्यानं सरकारचं काही बिघडत नव्हतं. आता जिल्हा जवळ आला म्हणून गावानं हलगी लावली, पेढे वाटले, मालकांनी गादीवर उभं राहून भाषण केलं. मी आतून ऐकत होते. मला तवाच कळायला पाहिजे होतं की जिल्हा जवळ आला म्हणजे साहेबबी जवळ आला.

पाठोपाठ दुष्काळ आला. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, पुढची नक्षत्रं तर नुसती तोंड दाखवून गेली. गावची विहीर आटली, आडात बादली सोडली की खालून दगडाचा आवाज यायचा. मग टँकर सुरू झाला. त्यात खानावळीच्या वाट्याला दोन घागरी. दोन घागरीत पीठ मळायचं, आमटी करायची, लोकांना प्यायला द्यायचं. भांडी मी राखेनं कोरडी घासायची आणि फडक्यानं पुसायची. जेवण झाल्यावर ताटात घोटभर पाणी ओतून, ताट धुऊन ते पिऊन टाकायची आमच्यात रीत हाय. ती मी सगळ्या गिऱ्हाइकांना लावली. डायवर लोक आधी कुरकुरले. मग म्हणाले, अक्का, आमटीचा शेवट गोड लागून राहिला.

आणि एका दुपारी जीप येऊन थांबली. नव्या जिल्ह्याचा नवा साहेब उतरला. कोकणातला होता, तरुण, सभ्य, उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला. कोणत्या गावाला टँकर द्यायचा आणि कोणत्या गावाचा बंद करायचा, हे बघत तो फिरत होता. जीप चालवत होता देगलूरचा व्यंकटी, तो आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यानंच त्याला आमच्याकडं जेवायला आणलं होतं.

साहेब बाकावर बसला, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "अप्पा, गावात पाण्याचं कसं काय? पाणी आहे का?"

मी आत भाकरी थापत होते. माझा हात तसाच परातीत थांबला. म्हणलं, बसवण्णा, आजच्या दिवस ह्यांची जीभ धर.

"हाय की साहेब, बसा," मालक म्हणाले. टक टक.

मी पळाले. आमच्या दोन्ही घागरी सकाळीच सरल्या होत्या. रहमतबीनं तिच्या रांजणाच्या तळाचं काढून दिलं. आणून ठेवलं तर साहेबानं तांब्या उचलून घटाघटा पिऊन टाकला आणि दुसरा मागितला. परत टक टक. परत मी बोळात. दुसराबी प्याला. तिसऱ्या तांब्यानं त्यानं दारात उभं राहून तोंड धुतलं, मान धुतली, आणि उरलेलं सगळं पायांवर ओतून घेतलं. मी दाराआडून बघून राहिले होते. ते तिसरं पाणी रहमतबीच्या म्हशीच्या वाट्याचं होतं.

"कमाल आहे," साहेब म्हणाला. "जातो त्या गावात सरपंच नाही नाही म्हणून रडतात. खरं बोलणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. मग अप्पा, टँकर नसला तरी चालेल तुम्हाला?"

"चालंल की," मालक म्हणाले. त्यांची छाती अशी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद. तो आमच्या पुढ्यातून हॉर्न वाजवत वरच्या वाडीला जायला लागला. गाव खानावळीपुढं जमा झालं. सरपंच ईश्वरप्पा सगळ्यात पुढं. मालक गादीवर बसून म्हणायला लागले, "मी काय खोटं बोललो? साहेबांनी पाणी मागितलं, आपण पाजलं." ईश्वरप्पांनी कपाळावर हात मारून घेतला आणि तशीच लातूरची एसटी धरली. संध्याकाळी परत आले ते तोंड पाडून. साहेबानं त्यांना सांगितलं होतं, तुम्ही सगळे सरपंच सारखेच, मला फक्त त्या अप्पांवर भरवसा. अप्पांनी स्वतःच्या तोंडानं पाणी नाही म्हणून सांगितलं तर टँकर लगेच सुरू करतो. सोमवारी मी तिकडंच येतोय, जेवायलाच येतो, ठेचा छान होता.

म्हणजे बघा. सगळ्या गावाचं पाणी ह्यांच्या एका शब्दावर, आणि तो शब्द ह्यांच्या तोंडातून निघत न्हाई. साहेबानं टँकर दिला न्हाई तर मंगळवारी खानावळीला कुलूप आणि आम्ही दोघं भालकीला माझ्या भावाच्या दारात. माझी भावजय कशी हाय ते आता सांगत बसत न्हाई, तो राग वेगळा हाय.

मग शिकवणी सुरू झाली. मी समोर बसून म्हणायची, "म्हणा, न्हाई." मालक म्हणायचे, "न्... न्..." आणि घाम. गादीवरून खाली उतरवून बघितलं, तर म्हणाले गादी दिसून राहिली. आत चुलीपुढं नेऊन बघितलं, तर म्हणाले लक्ष्मी मागच्या दारानंबी येऊ शकते. मी म्हणलं, मराठीत जमत नसलं तर कानडीत म्हणा, 'इल्ला' म्हणा, साहेब कोकणातला हाय पण व्यंकटी समजावून सांगंल. तर मला म्हणतात, "आमच्या वडलांनी वचन कानडीतच घेतलं होतं." रहमतबी बोळातून ऐकत होती, ती म्हणाली, "मग भाईजान, 'नक्को' बोला. आमच्या जबानीचं तर वचन न्हाई ना दिलं?" मालकांनी तोंड उघडलं, मोठा श्वास घेतला, आणि म्हणाले, "हाय की."

रहमतबी पोट धरून हसली. मीबी हसले, मग मला रडू आलं. आमचा माणूस वाईट न्हाई हो. तो मला कधी वावगा शब्द बोलला न्हाई. पण 'न्हाई' हा काही वावगा शब्द हाय का, एवढं त्याला कळू नये?

शेवटी ठरलं असं की सोमवारी मालकांनी सकाळपासून रस्त्यावर उभं राहायचं. गादीला शिवायचंच न्हाई. जीप आली की तिथंच, उन्हात, साहेब खाली उतरायच्या आधी सांगून टाकायचं. मालकांनी बसवण्णांच्या फोटोपुढं कबूल केलं. उभेबी राहिले. पण जीप यायला आणि एसटी यायला एकच गाठ पडली, चार गिऱ्हाइकं आत शिरली, गल्ला उघडा बघून मालकांचा जीव राहीना. मी आतून बघते तर हे गादीवर मांडी घालून बसलेले, आणि साहेब समोर बाकावर. दारात ईश्वरप्पा आणि सगळं गाव श्वास धरून उभं.

"काय अप्पा," साहेब म्हणाला, "सरपंच म्हणतात गावात पाणी नाही. तुम्ही सांगा. आहे की नाही?"

मालकांनी गावाकडं बघितलं. बसवण्णांकडं बघितलं. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं खाली यायला लागली.

"हाय की साहेब," म्हणाले. "बसा."

मी आत वळले. वरच्या वाडीहून मागून आणलेलं तांब्याभरच पाणी घरात उरलं होतं. त्याच्यात मी पीठ मळलं, पातळ आमटी टाकली आणि तांब्या पालथा घातला. मग मिरच्या घेतल्या. टोपलीत होत्या त्या सगळ्या घेतल्या. तव्यावर भाजल्या, मीठ टाकलं, आणि असा ठेचा रगडला की रहमतबीला बोळात शिंका आल्या. साहेबाचं ताट वाढलं. दोन गरम भाकरी, आमटी, आणि ताटाच्या मधोमध ठेच्याचा डोंगर. ताटाशेजारी तांब्या ठेवला न्हाई.

साहेबाला ठेचा आवडतो ना. पहिला घास घेतला आणि म्हणाला, वा. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्याचं बोलणं बंद झालं. कान लाल झाले, डोळ्यांतून धार लागली. तोंडासमोर हातानं वारा घालत म्हणाला, "अप्पा, पाणी."

"हाय की, बसा." टक टक.

मी चुलीपुढं बसून राहिले.

टक टक टक. मी उंबऱ्यावर येऊन बसले, पाय पसरून. मग गल्ला असा वाजायला लागला की कुणी हलगीच बडवून राहिलं. शेवटी मालक स्वतः आत आले.

"कमल, पाणी."

"न्हाई," मी म्हणलं.

"रहमतबीकडं?"

"तिच्याकडंबी न्हाई. तिची म्हैस कालपासून तहानलेली हाय."

"मग आण की कुठून तरी. साहेबाचा जीव चालला."

"मी दमले," मी म्हणलं. "तुमचं 'हाय' खरं करता करता मी दमले. आता ज्यानं म्हणलं त्यानं आणावं."

मालक माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्या पायांकडं बघितलं. टाचांना भेगा हायत माझ्या, त्यात बोळाची माती. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या टाचा बघितल्या नव्हत्या, कारण मी पळायची तवा ते कायम माझ्याकडं पाठ करून गादीवर बसलेले. मग पालथा तांब्या उचलला आणि मागच्या दारानं निघाले. ते दार ठेंगणं हाय. माझ्या उंचीचं हाय. ह्यांनी त्यातून कधी जाऊन बघितलेलं नव्हतं, कपाळ काडकन आपटलं.

बोळातून मला सगळं ऐकू येत होतं. "रहमतबी, पाणी हाय का?" "न्हाई भाईजान." पुढचं दार. "नागम्मा, पाणी हाय का?" "न्हाई गा." पुढचं. "न्हाई." पुढचं. "न्हाई अप्पा, तुमच्या साहेबानं पाय धुतले ना त्याच्यानं." दारं सरली आणि बोळ सरला. जन्मात ऐकले नव्हते तेवढे न्हाई त्यांनी त्या दुपारी ऐकून घेतले.

वळसा घालून ते पुढच्या दारानं आत आले. गादीकडं गेले न्हाईत. साहेब बाकावर जीभ बाहेर काढून बसला होता, त्याच्यापुढं उभे राहिले. टोपी काढली. कपाळावर टेंगूळ आलं होतं. रिकामा तांब्या दोन्ही हातांनी पुढं धरला.

"साहेब," म्हणाले, "न्हाई."

दारातलं सगळं गाव पुढं सरकलं.

"पाणी न्हाई साहेब. त्या दिवशीबी नव्हतं. तुम्ही पाय धुतलेत ते म्हशीचं होतं." आणि एकदा बूच निघालं ते निघालंच. "दही न्हाई. आमच्याकडं दही कधीच नव्हतं, ते रहमतबीचं. लोणचं न्हाई. पापड न्हाई. ती चादरबी आमची न्हाई, ती कंडक्टर घेऊन गेला. त्या म्हाताऱ्याला पोरगा हाय म्हणलं, पोरगा न्हाई. विहिरीत न्हाई, आडात न्हाई, रांजणात न्हाई. काहीच न्हाई साहेब. हाय ते नुसती माझी बायको हाय, तीबी आता दमली."

मी पदर तोंडाला लावला. ईश्वरप्पांनी टोपी काढून डोळे पुसले, ठेच्यानं का कशानं ते बसवण्णाला ठाऊक.

व्यंकटी मग उठला आणि जीपला लटकवलेली पाण्याची छागल घेऊन आला. पाणी जीपवर मघापासून होतं. पण मालकांचं सगळं बोलून झाल्याशिवाय तो गडी जागचा हलला नव्हता. साहेब प्याला, निम्मं ठेवलं, आणि तांब्यात ओतून मालकांना दिलं. मालकांनी ते आत आणून मला दिलं. मग साहेबानं ताटात घोटभर पाणी टाकलं, ताट धुतलं आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. "टँकर उद्यापासून," म्हणाला. आवाज बसला होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. गावच्या बाया हंडे, कळशा, पातेली, डबे, असेल नसेल ते घेऊन रांगेला. मी आमच्या दोन घागरी घेऊन दारात उभी. टँकरवाला आम्हाला ओळखून होता. म्हणाला, "अप्पा, आज खानावळीला जास्त सोडायला सांगितलंय साहेबानं. मोठं पिंप हाय का?"

मालक गादीवर होते. आमच्याकडं पिंप न्हाई. माझ्या बापाची शपथ, कधीच नव्हतं.

"हाय की, थांब," मालक म्हणाले.

त्यांची दोन बोटं गल्ल्यावर उचलली गेली. मी नुसतं बघितलं. बोटं तशीच वर राहिली. मग मालक गादीवरून उतरले, चपला घातल्या आणि मागच्या दारानं बाहेर पडले. ह्या टायमाला वाकून गेले.

गल्ला उघडा कसा टाकायचा, म्हणून मी गादीवर बसले. जन्मात पहिल्यांदा. मऊ हाय. आणि तिथून सगळा रस्ता दिसतो, निलंग्याकडून येणारी एसटी पार वळणापासून दिसते. मला उगंच बरं वाटलं. तेवढ्यात ती एसटी थांबली, डायवर उतरला, हात झटकत आत आला.

"अक्का, आज तुम्ही गादीवर? बरं, ठेचा हाय ना?"

ठेचा सगळा साहेबाच्या पोटात गेला होता. टोपलीत एक मिरची न्हाई. बाजार परवा. मला सगळं ठाऊक होतं, आणि सांगायचं काय तेबी ठाऊक होतं. मी तोंड उघडलं.

"हाय की," मी म्हणलं, "बसा."

आणि माझी दोन बोटं गल्ल्यावर वाजली. मागच्या दाराबाहेर कुणी तरी पिंप दाणकन खाली ठेवलं, आणि ह्यांच्या चपला बोळानं रहमतबीच्या घराकडं पळत गेल्या.